डिटेक्टर निवडण्याआधी प्रकाशाचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासकीय अनुदानातून घेतलेली महागडी उपकरणे महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत वापराविना पडून असल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. देखभालीसाठी पैसे नसणे, प्रशिक्षित तंत्रज्ञ न मिळणे, मार्चअखेरीस घाईघाईने निधी खर्ची टाकणे ही कारणे त्यांत दिलेली असतात आणि ती खरीच आहेत. परंतु काही उपकरणे खोक्यातून बाहेर निघतानाच त्या कामाला निरुपयोगी असतात, कारण मोजायचे काय आहे याचा हिशेब खरेदीपूर्वी कोणी केलेलाच नसतो. विद्युतरसायनशास्त्र शिकवण्यात आणि त्यातल्या प्रकाशमापनात माझी बरीच वर्षे गेली असल्याने त्या एका क्षेत्रापुरते हे सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

थायरॉइडच्या तपासणीचा अहवाल हाती आल्यावर आपण आकडा पाहतो आणि बाजूची बारीक अक्षरे सोडून देतो. तिथे अनेकदा पद्धत म्हणून ‘ईसीएलआयए’ असे लिहिलेले असते. यातील ईसीएल म्हणजे इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्स, अर्थात इलेक्ट्रोडवर विद्युतदाब देताच तिथल्या रासायनिक अभिक्रियेतून निघणारा प्रकाश. टीएसएचसारख्या रक्तातील संप्रेरकाच्या रेणूला दोन प्रतिपिंडे दोन बाजूंनी पकडतात. त्यांपैकी एकाला रुथेनियम या धातूचे प्रकाश देणारे संयुग जोडलेले असते, तर दुसऱ्यामार्फत ही सारी जोडणी सूक्ष्म चुंबकीय मण्यांवर बसते. चुंबकाने हे मणी इलेक्ट्रोडवर ओढून घेतात, न चिकटलेले सारे धुऊन टाकतात आणि ट्रायप्रोपिल अमाइन या सहायक रसायनाच्या द्रावणात विद्युतदाब देतात. जो मंद नारिंगी-लाल प्रकाश पडतो त्याच्या प्रमाणावरून संप्रेरकाचे प्रमाण ठरते. या पद्धतीत बाहेरून दिवा लावावा लागत नाही, त्यामुळे विखुरलेल्या प्रकाशाचा त्रास जवळजवळ नसतो. पार्श्वभूमी काळीकुट्ट असल्यामुळेच अत्यल्प प्रकाशही ओळखू येतो, आणि म्हणूनच तो टिपणाऱ्या डिटेक्टरची निवड इथे निर्णायक ठरते.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. १९६४-६५च्या सुमारास अमेरिकेत या प्रकाशाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. त्यातील आरंभीच्या शोधनिबंधांपैकी एक, १९६५चा, के. एस. व्ही. संतानम आणि अॅलन बार्ड यांचा आहे. हेच संतानम पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ प्राध्यापक होते. रुथेनियमच्या ज्या संयुगावर आजच्या तपासण्या उभ्या आहेत त्याचा ईसीएल प्रकाश १९७२ साली नोंदला गेला, आणि ट्रायप्रोपिल अमाइनची जोड त्याला १९९० साली मिळाली.

आता मुद्द्याकडे येतो. डिटेक्टर विकत घेताना माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा संवेदनक्षमतेचा असतो, आणि तो आकडा त्या डिटेक्टरला सर्वाधिक मानवणाऱ्या रंगाचा असतो. पीएमटीचेच, म्हणजे फोटोमल्टिप्लायर ट्यूबचे, उदाहरण घ्या. हिच्या तोंडाशी असलेल्या फोटोकॅथोडवर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, पडला की इलेक्ट्रॉन सुटतो, आणि एकामागून एक बसवलेल्या डायनोडांवर आपटत त्या एका इलेक्ट्रॉनचे दहा लाख किंवा त्याहून अधिक होतात. सर्वसाधारण बायअल्कली फोटोकॅथोड ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे निळ्या-जांभळ्या प्रकाशात, शंभरातले २५ ते ३० फोटॉन टिपतो. ल्युमिनॉल या दुसऱ्या प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा प्रकाश ४२५ नॅनोमीटरच्या जवळपास असल्याने त्याच्यासाठी ही नळी उत्तम. रुथेनियमचा प्रकाश मात्र ६२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो आणि त्याची शेपटी ७०० नॅनोमीटरच्या पुढे जाते. तिथे हाच फोटोकॅथोड शंभरातले जेमतेम काही फोटॉन टिपतो. त्याऐवजी लाल प्रकाशाला अनुकूल असा मल्टिअल्कली फोटोकॅथोड घेतला, तर तेच प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे जाते. दोन्ही नळ्या बाहेरून सारख्याच दिसतात, किमतीतही फारसे अंतर नसते, आणि कोटेशनांच्या तुलनात्मक तक्त्यात दोन्हींच्या पुढे ‘पीएमटी, १ नग’ एवढेच लिहिलेले असते. रुथेनियमवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत निळ्या प्रकाशाची नळी बसवलेली मी स्वतः पाहिली आहे. तिथले विद्यार्थी सिग्नल वाढावा म्हणून संयुगाची तीव्रता वाढवत बसले होते.

भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हान्ले येथे उभारलेल्या ‘मेस’ या २१ मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात १०८८ पीएमटी आहेत. वातावरणात गॅमा किरणांमुळे उठणारा चेरेंकोव्ह प्रकाश निळसर असतो आणि काही नॅनोसेकंदांतच विझतो, म्हणून तिथे त्या नळ्या अगदी योग्य आहेत. ईसीएलचा प्रकाश मिलिसेकंदांपासून सेकंदांपर्यंत रेंगाळतो, आणि रुथेनियमच्या बाबतीत तो लाल असतो. तिथे जे योग्य ठरले ते इथे आपोआप योग्य ठरत नाही.

रंगानंतर येते प्रकाशाचे प्रमाण. ६२० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ३.२ × १०⁻¹⁹ ज्यूल, म्हणजे एक पिकोवॉट प्रकाशात दर सेकंदाला साधारण ३१ लाख फोटॉन. हा आकडा मोठा वाटतो, पण त्यांतले डिटेक्टरपर्यंत किती पोचतात? इलेक्ट्रोडवरचा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो असे धरू. २५ मिलिमीटर व्यासाची पीएमटी इलेक्ट्रोडपासून १० सेंटिमीटरवर ठेवली तर तिच्या वाट्याला एकूण प्रकाशाच्या ०.४ टक्क्यांहूनही कमी येतो. तीच नळी २ सेंटिमीटरवर आणली तर सुमारे साडेसात टक्के येतो. जवळजवळ वीसपट! कोणत्याही फोटोकॅथोडच्या बदलाने एवढा फरक पडत नाही, आणि यासाठी खर्च येतो तो वर्कशॉपमधल्या माणसाकडून सेलचा नवा धारक कातून घेण्याचा. बाजारात मिळणारे बंदिस्त खोके, बीकर, वर संदर्भ इलेक्ट्रोडची लांब काच अशी मांडणी सोय म्हणून स्वीकारली जाते. नळी मग दूर राहते, आणि ‘संवेदनक्षमता कमी पडते’ असे सांगून पुढच्या प्रस्तावात आणखी महागडा डिटेक्टर मागितला जातो. भिंगाने हा प्रश्न सुटेल असेही काहींना वाटते. दोन-तीन मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडवरून चहूकडे पसरणारा प्रकाश एक मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान अशा अॅव्हलांच फोटोडायोडच्या (एकेक फोटॉन टिपणाऱ्या सिलिकॉनच्या चिमुकल्या डिटेक्टरच्या) तोंडावर भिंगाने पूर्णपणे गोळा करता येत नाही. ती प्रकाशशास्त्राची मूलभूत मर्यादा आहे. अशा लहान डिटेक्टरची क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्यांपैकी टिपल्या जाणाऱ्या फोटॉनांचे प्रमाण, लाल रंगात ६० टक्क्यांच्या पुढे असली, तरी मोठ्या इलेक्ट्रोडसाठी तो व्यर्थ आहे.

अलीकडे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा, म्हणजे पीएमटीचेच काम करणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्याचा, बोलबाला आहे, आणि तो अकारण नाही. हजार व्होल्टऐवजी तीस ते साठ व्होल्टवर तो चालतो, आकाराने नखाएवढा असतो, उजेड पडला म्हणून जळत नाही आणि चुंबकीय क्षेत्राने बिघडत नाही. हा शेवटचा गुण चुंबकीय मण्यांच्या मापनात मोलाचा आहे, कारण पीएमटीतील इलेक्ट्रॉनांची वाट जवळच्या चुंबकाने वाकते आणि तिला विशेष धातूचे कवच घालावे लागते. पण त्याची उणीवही तेवढीच ठळक आहे. संपूर्ण अंधारातही तो स्वतःहून मोजण्या देत राहतो. या ‘डार्क काउंट’चे प्रमाण २५ अंश सेल्सिअसला दर चौरस मिलिमीटरमागे सेकंदाला दहा हजारांपासून लाखापर्यंत असते. ३ मिलिमीटर चौकोनी तुकड्याचे डार्क काउंट सेकंदाला पाच लाख धरा आणि खऱ्या प्रकाशाच्या मोजण्या हजार. दहा सेकंद मोजले तर खऱ्या मोजण्या दहा हजार आणि अंधाराच्या पन्नास लाख. मोजण्यांतला आपोआप होणारा चढउतार, म्हणजे नॉइज, त्यांच्या वर्गमूळाएवढा असतो. पन्नास लाखांचे वर्गमूळ सुमारे २,२०० येते, म्हणजे सिग्नल नॉइजच्या साडेचारपटच. डार्क काउंट सेकंदाला शंभर असणाऱ्या पीएमटीने तेवढ्याच मोजण्या मिळाल्या, तर हे गुणोत्तर ९५च्या आसपास जाते. सिलिकॉन डिटेक्टर लाल रंगात दुप्पट फोटॉन टिपतो असे मानले तरी ही दरी भरून निघत नाही.

त्यात आपल्या हवेची भर पडते. माहितीपत्रकातले आकडे २५ अंशांचे असतात. विदर्भात मे महिन्यात बिनवातानुकूलित प्रयोगशाळेत ३५ अंश ही नवलाची गोष्ट नाही, आणि सिलिकॉन डिटेक्टरचे डार्क काउंट साधारण दर ८ ते १० अंशांना दुप्पट होतात. शिवाय तापमान वाढले की ठरावीक व्होल्टतेवर त्याचा प्रवर्धनांकही घटतो. सकाळी प्रमाण द्रावणे मोजली आणि दुपारी नमुने मोजले, तर त्यांच्यातील फरक रसायनाचा की उन्हाचा हे सांगता येत नाही. तापमानानुसार व्होल्टता आपोआप सुधारणारे सर्किट सोबत घेतलेच पाहिजे. ते सुट्या डिटेक्टरसोबत येत नाही, वेगळे मागावे लागते. पीएमटी थंड करून वापरायची असेल तर कोकणातल्या पावसाळ्यात तिच्या काचेवर दव धरते, याचाही विचार आधीच व्हावा.

याच्या उलट टोकाला साधा सिलिकॉन फोटोडायोड आहे, ज्याच्याकडे आपल्या प्रयोगशाळा उगाच हलके म्हणून पाहतात. ६२० नॅनोमीटरला तो शंभरातले ऐंशीहून अधिक फोटॉन टिपतो. त्याला अंगचे प्रवर्धन नसते, एवढेच. एक नॅनोवॉट प्रकाशाला तो सुमारे ०.४ नॅनोअँपिअर विद्युतप्रवाह देतो, आणि चांगल्या प्रवर्धकाने तो सहज मोजता येतो. प्रकाश एक पिकोवॉट असेल तर प्रवाह हजारपट कमी होतो आणि प्रवर्धकाच्या नॉइजमध्ये बुडू लागतो. तिथे पीएमटीची खरी गरज सुरू होते. पदव्युत्तर वर्गांच्या प्रात्यक्षिकांत मिलिमोलर तीव्रतेची, म्हणजे पुरेसा प्रकाश देणारी, द्रावणे वापरतात. त्या प्रयोगांना फोटोडायोड पुरतो, आणि एका पीएमटीच्या किमतीत सगळ्या टेबलांवर तो बसवता येतो.

पीएमटीने एकेक फोटॉन मोजण्याची पद्धत क्षीण प्रकाशाला उत्तम आहे, पण प्रकाश वाढला की तीच फसवते. एक मोजणी झाल्यावर सर्किट ५० नॅनोसेकंद आंधळे राहते असे समजा. सेकंदाला दहा लाख फोटॉन टिपले जात असतील तर ५ टक्के मोजण्या हुकतात. एक कोटी असतील तर एक तृतीयांश हुकतात. आलेखाचे वरचे टोक वाकले की ‘इलेक्ट्रोड संपृक्त झाला’ असा निष्कर्ष प्रबंधांत लिहिलेला आढळतो. राखाडी फिल्टर लावून प्रकाश दहापट कमी करावा आणि मोजण्याही दहापट कमी होतात का ते पाहावे. शंका पाच मिनिटांत फिटते.

सर्वांत जास्त पैसा जिथे जातो त्या कॅमेऱ्याकडे आता वळतो. प्रश्न अगदी साधा आहे: आपल्याला एकूण प्रकाश किती ते मोजायचे आहे, की प्रकाश कुठून येतो ते पाहायचे आहे? वर सांगितलेल्या एक पिकोवॉटचे ३१ लाख फोटॉन सगळेच्या सगळे गोळा झाले असे मानू. दहा टक्के कार्यक्षमतेच्या पीएमटीवर सेकंदाला तीन लाख मोजण्या मिळतील. तेच फोटॉन दहा लाख पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर पसरले तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला सेकंदाला तीन येतील. कॅमेऱ्याची कार्यक्षमता ९० टक्के असूनही चित्र दाणेदार आणि फिके का येते, याचे उत्तर या भागाकारात आहे. एकच इलेक्ट्रोड, एकच पदार्थ आणि एकच आकडा हवा असेल तर कॅमेरा घेऊ नये. एका वाटीत अनेक ठिपक्यांवर निरनिराळी प्रतिपिंडे बसवून एकाच नमुन्यातून अनेक घटक मोजायचे असतील, तर मात्र कॅमेऱ्याला पर्याय नाही. अमेरिकेतील मेसो स्केल डिस्कव्हरीची उपकरणे कार्बनच्या छापील इलेक्ट्रोडांवरील असे ठिपके कॅमेऱ्यानेच वाचतात.

कॅमेऱ्यांतही निवड आहेच. दहा सेकंदांचे एक्स्पोजर घेतले तर वरच्या उदाहरणात दर पिक्सेलला सुमारे २७ इलेक्ट्रॉन जमतील आणि प्रकाशाचा स्वतःचाच नॉइज पाचच्या जवळपास असेल. ज्या कॅमेऱ्याचा रीड नॉइज, म्हणजे पिक्सेल वाचताना कॅमेरा स्वतः घालतो तो नॉइज, ५ इलेक्ट्रॉन आहे तो इथे चित्र खराब करतो. दीड इलेक्ट्रॉन रीड नॉइजचा वैज्ञानिक सीमॉस कॅमेरा ते जवळपास जसेच्या तसे ठेवतो. इलेक्ट्रॉन-गुणन सीसीडी, म्हणजे ईएमसीसीडी, रीड नॉइज पार गाडून टाकतो, पण गुणनाच्या प्रक्रियेत स्वतःचा नॉइज घालतो, आणि त्याचा परिणाम कार्यक्षमता निम्मी झाल्यासारखा होतो. पिक्सेलमागे एक-दोनच फोटॉन असतील आणि भराभर फ्रेम घ्यायच्या असतील तर तो योग्य, पंचवीस-तीस असतील तर त्याचा तोटाच. चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या गटाने २०२१ साली ‘नेचर’मध्ये एकेका रेणूच्या अभिक्रियेतून आलेला ईसीएल प्रकाश टिपून दाखवला, तेव्हापासून आपल्याकडच्या प्रस्तावांतही ‘एकरेणू इमेजिंग’ हे शब्द दिसू लागले आहेत. ते काम थोर आहे. पण त्यासाठी उच्च छिद्रांकाचे, म्हणजे अधिक प्रकाश गोळा करणारे, सूक्ष्मदर्शक भिंग, पारदर्शक इलेक्ट्रोड, विद्युतदाबाशी जुळवलेले एक्स्पोजर आणि कंप नसलेले टेबल लागते. नुसत्या कॅमेऱ्याने ते होत नाही. एका महाविद्यालयात उणे ऐंशी अंशांपर्यंत थंड होणारा कॅमेरा साध्या झूम भिंगाला जोडलेला मी पाहिला. खोलीचे तापमान जास्त असल्यामुळे तो त्या अंशांपर्यंत पोचतही नव्हता, कारण असे कॅमेरे सभोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच थंड होऊ शकतात.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. लांब एक्स्पोजरचा कॅमेरा टाकीत साचलेल्या पाण्याची पातळी सांगतो, तर पीएमटी नळाची धार कशी बदलली ते दाखवते. विद्युतदाब दिल्यावर प्रकाश झटकन चढून उतरला, की हळूहळू वाढत गेला, यातून अभिक्रियेचा मार्ग आणि इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग खराब होत चालला आहे का, हे कळते. एकूण बेरजेतून ते कळत नाही.

मोबाइल फोनबद्दल मला विशेष आस्था आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली कागदी संवेदकावरचा रुथेनियमचा प्रकाश फोनच्या कॅमेऱ्याने वाचून दाखवला. ग्रामीण भागात वापरता येतील अशा तपासण्यांसाठी हा मार्ग आशादायक आहे. मात्र फोन आपल्या मनाने एक्स्पोजर बदलतो, रंग सुधारतो, आणि जतन केलेल्या चित्रातले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात राहत नाहीत. एक्स्पोजर आणि आयएसओ बांधून, ‘रॉ’ स्वरूपातच चित्र घेतले पाहिजे. दर चार पिक्सेलांत लाल एकच असतो, आणि अवरक्त किरण अडवणारा फिल्टर ६५० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाशही कापू लागतो. रुथेनियमच्या प्रकाशाचा मोठा भाग नेमका तिथेच असतो. म्हणून फोनसाठी ल्युमिनॉलसारखा निळा प्रकाश देणारा पदार्थ निवडणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. डिटेक्टर बदलता येत नसेल तर प्रकाश बदलावा.

आणि कोणताही डिटेक्टर घेतला तरी अंधार हवाच. पोटेन्शिओस्टॅटवरचा (इलेक्ट्रोडला विद्युतदाब देणाऱ्या यंत्रावरचा) इवलासा लाल दिवा, केबलसाठी पाडलेले छिद्र, ट्यूबलाइटच्या उजेडात राहिल्यामुळे काही मिनिटे मंद उजळत राहणारे प्लॅस्टिक यांच्यामुळे किती मोजमापे वाया गेली असतील याची गणना नाही. रिकाम्या सेलचे मोजमाप खोलीतला दिवा चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा घ्यावे. दोन आकड्यांत फरक पडला तर आधी काळी टेप आणावी.

माझी मागणी मोठी नाही. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांनी प्रकाशमापनाच्या कोणत्याही उपकरणाच्या प्रस्तावासोबत एक पानी हिशेब मागावा. मोजायच्या प्रकाशाची तरंगलांबी, डिटेक्टरपर्यंत सेकंदाला पोचणाऱ्या फोटॉनांचा अंदाज, त्या तरंगलांबीला डिटेक्टरची कार्यक्षमता आणि प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष तापमानाला त्याचे डार्क काउंट किंवा रीड नॉइज एवढे त्यात असावे. निविदेत ‘पीएमटी’ किंवा ‘थंड केलेला कॅमेरा’ असे मोघम न लिहिता हेच आकडे लिहिले, तर सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या नियमातही योग्य वस्तू हाती येईल, कारण अयोग्य वस्तू तांत्रिक छाननीतच बाद होईल. उधारीवर आणलेल्या डिटेक्टरने एक दिवसाची चाचणी घेण्याची मुभाही समित्यांनी द्यावी. बहुतेक विक्रेते त्याला तयार असतात, फक्त त्यांना तसे कोणी विचारत नाही.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
अकोला